विश्लेषण : 'ॲलर्जी' हा शब्द आला कुठून? तो देणारे डॉ. पिर्के कोण होते आणि वाशिमच्या शेतकऱ्याशी त्यांचा काय संबंध?

शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि ओठ सुजले. अंड्याचा एक घास घेतला आणि लेकराच्या अंगावर गांधी उठल्या. कालपर्यंत जे मानवत होतं ते आज का बाधलं, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. त्यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे पित्त झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली असेल.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. अन्नाच्या ॲलर्जीत प्रतिकारयंत्रणा कमजोर पडलेली नसते. ती एखादा पदार्थ शत्रू म्हणून शिकलेली असते आणि तो पुन्हा दिसला की तुटून पडते. ही गोष्ट सुमारे १२० वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञानं ओळखली, तीही कोणत्याही मोठ्या यंत्राशिवाय. त्यासाठी त्यानं फक्त आजारी मुलांचे दिवस मोजले. त्याचं नाव क्लेमेन्स फॉन पिर्के. 'ॲलर्जी' हा शब्द त्यानंच तयार केला.

पिर्के यांचं आयुष्य समजून घेतलं की ॲलर्जी म्हणजे काय, हेही समजतं. सर्पदंशाच्या इंजेक्शनपासून सोयाबीनच्या धुळीपर्यंत वाशिम जिल्ह्यातल्या रोजच्या जगण्याशी या गोष्टीचा संबंध कसा येतो, तेही पाहूया.

धर्मगुरू व्हायला निघालेला मुलगा डॉक्टर कसा झाला?

क्लेमेन्स यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन इथे झाला. घराणं सरदारांचं. त्यांचा धाकटा भाऊ गिडो पुढे इंजिनीअर झाला आणि अवकाश प्रवासाची गणितं मांडणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. घरात आकडेमोडीची आवड होती, हे यावरून कळतं. क्लेमेन्स यांच्या कामातही ती पुढे पदोपदी दिसते.

क्लेमेन्स मात्र आधी धर्मगुरू होण्याच्या वाटेवर होते. इन्सब्रुकमध्ये त्यांनी धर्मशास्त्र शिकलं, मग बेल्जियममधल्या लूव्हेन इथे तत्त्वज्ञान. त्यानंतर त्यांनी दिशा बदलली आणि वैद्यकशास्त्राकडे वळले. १९०० मध्ये ग्राझ विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि व्हिएन्नातल्या मुलांच्या रुग्णालयात रुजू झाले. तिथले प्रमुख होते थिओडोर एशेरिश. ई. कोलाय या जिवाणूच्या नावातला 'ई' त्यांच्याच नावावरून आला आहे.

घोड्याच्या रक्तातलं औषध

तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. घटसर्पानं मुलांचे घसे बंद व्हायचे आणि मुलं दगावायची. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी एक नवा मार्ग दाखवला. प्राण्याला थोडं थोडं विष टोचलं की त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. तो उतारा असलेलं रक्तद्रव, म्हणजे सीरम, आजारी माणसाला दिलं की जीव वाचू शकतो. एका वेळी भरपूर सीरम मिळावं म्हणून घोडे वापरले जाऊ लागले.

ही लाट आपल्याकडेही पोहोचली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा तिथल्या रुग्णांवरही घोड्यांचं सीरम वापरून पाहिलं गेलं. १८९७ मध्ये व्हिएन्नाहून डॉक्टरांचं एक पथक प्लेगचा अभ्यास करायला मुंबईत आलं होतं. पिर्के तेव्हा विद्यार्थी होते.

पिर्के यांच्या रुग्णालयात घटसर्प आणि स्कार्लेट फीव्हर या दोन आजारांसाठी घोड्याचं सीरम दिलं जायचं. पुष्कळ मुलं बरी व्हायची. काही मुलांना मात्र एक वेगळाच त्रास व्हायचा. सीरम दिल्यावर आठवडा-दीड आठवडा सगळं ठीक असायचं. मग अचानक ताप यायचा, अंगावर पुरळ उठायचं, सांधे दुखायचे, गाठी सुजायच्या. काही दिवसांनी हे सगळं आपोआप ओसरायचं.

दिवस मोजले आणि कोडं सुटलं

पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी प्रत्येक मुलाची नोंद ठेवायला सुरुवात केली. सीरम कोणत्या दिवशी दिलं, पुरळ कोणत्या दिवशी आलं, याआधी कधी सीरम दिलं होतं का, अशा त्या साध्या नोंदी होत्या. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट अशी, की पहिल्यांदा सीरम मिळालेल्या मुलांना त्रास व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागायचे. तोवर डॉक्टरांचा समज असा होता, की जंतू शिरल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ हा जंतूंची संख्या वाढायला लागणारा वेळ आहे. पण घोड्याच्या सीरममध्ये जंतू नव्हते. वाढणार असं त्यात काहीच नव्हतं. मग हे ८-१२ दिवस कोणाचे? पिर्के यांचं उत्तर होतं, की हा वेळ शरीराला स्वतःची प्रतिक्रिया तयार करायला लागतो. म्हणजे आजाराची लक्षणं फक्त बाहेरून आलेल्या पदार्थामुळे येत नाहीत. शरीर त्या पदार्थाला जे उत्तर देतं, तेही आजाराचा भाग असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या मुलांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा सीरम द्यावं लागलं, त्यांना त्रास व्हायला इतके दिवस लागलेच नाहीत. काहींना तो लवकर झाला, काहींना त्याच दिवशी, काहींना तर लगेच. औषध तेच, मूलही तेच, पण उत्तर वेगळं. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर इनपुट तेच असताना आउटपुट बदललं, म्हणजे सिस्टिम मधल्या काळात बदलली आहे.

या अभ्यासावरचं पिर्के आणि शिक यांचं पुस्तक १९०५ मध्ये आलं. या त्रासाला त्यांनी सीरमचा आजार, म्हणजे सीरम सिकनेस, असं नाव दिलं.

सर्पदंशाच्या इंजेक्शनशी याचा काय संबंध?

घटसर्पाची लस आल्यावर घोड्याच्या सीरमचा वापर कमी झाला. एका कारणासाठी मात्र तो आजही सुरू आहे आणि ते कारण म्हणजे साप. पावसाळ्यात सोयाबीन आणि तुरीच्या शेतात काम करणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका असतो. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर दिलं जाणारं प्रतिविष घोड्यांपासूनच तयार होतं. मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी अनेक दशकांपासून जोडलेलं आहे.

त्यामुळे पिर्के यांनी पाहिलेला त्रास आजही दिसू शकतो. प्रतिविष घेऊन घरी आलेल्या माणसाला आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी सुरू झाली, तर विष पुन्हा चढलं असा घरच्यांचा समज होऊ शकतो. तो बहुधा सीरमचा आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी जिथे प्रतिविष दिलं होतं त्या दवाखान्यात परत जायचं आणि ते कोणत्या तारखेला दिलं होतं, ते डॉक्टरांना सांगायचं.

काहींना प्रतिविष सुरू असतानाच खाज, धाप किंवा रक्तदाब घसरणं असा त्रास होतो. तो पहिल्या वेळीही होऊ शकतो. म्हणूनच प्रतिविष दवाखान्यात, देखरेखीखाली आणि ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून दिलं जातं. रिॲक्शनच्या भीतीनं प्रतिविष नाकारणं मात्र जिवावर बेतू शकतं. विषारी दंशावर तोच खात्रीचा उपाय आहे.

शब्दाचा जन्म : २४ जुलै १९०६

त्या काळात डॉक्टर एका पेचात होते. एकदा गोवर झाला की पुन्हा सहसा होत नाही, म्हणजे शरीर पहिल्या अनुभवातून सुरक्षित होतं. पण सीरम दुसऱ्यांदा दिलं की त्रास वाढतो, म्हणजे शरीर पहिल्या अनुभवातून अधिक नाजूक होतं. फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनीही १९०२ मध्ये असंच काही पाहिलं होतं. समुद्रफुलाच्या विषाची थोडी मात्रा आधी टोचलेले कुत्रे काही आठवड्यांनी त्याच विषाच्या किरकोळ मात्रेनं काही मिनिटांत मेले. त्याला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं.

पिर्के यांनी या दोन उलट्या गोष्टींना एका छत्राखाली आणलं. संरक्षण असो की त्रास, मुळात घडतं एकच. शरीराची प्रतिक्रिया पूर्वीसारखी राहत नाही, ती बदलते. या बदललेल्या प्रतिक्रियेसाठी त्यांनी ग्रीक भाषेतून शब्द घडवला. 'ॲलॉस' म्हणजे दुसरं, वेगळं आणि 'एर्गॉन' म्हणजे काम, क्रिया. दोन्ही मिळून झालं ॲलर्जी. म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात २४ जुलै १९०६ रोजी हा छोटा लेख छापून आला.

त्याच लेखात त्यांनी हा बदल घडवणाऱ्या पदार्थांना 'ॲलर्जेन' म्हटलं आणि त्यांची यादी दिली. त्यात परागकण आणि मधमाशी-डासांचे दंश होते, तसंच अंगावर पित्त उठवणारी स्ट्रॉबेरी आणि खेकडेही होते. म्हणजे अन्नाची ॲलर्जी या शब्दाच्या जन्मापासूनच त्यात आहे. पुढे मात्र शब्दाचा अर्थ आक्रसला. संरक्षणाची बाजू गळून पडली आणि ॲलर्जी म्हणजे फक्त त्रास, एवढाच अर्थ उरला.

मग अन्नाची ॲलर्जी शरीरात तयार कशी होते?

पिर्के यांना हा बदल दिसला होता, पण तो नेमका कशात होतो हे सांगायला तेव्हा साधनं नव्हती. आज आपल्याला ते बरंच माहीत आहे. ही प्रक्रिया दोन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा, ओळख : अन्नातलं एखादं प्रोटीन शरीरात शिरतं. पहारेकरी पेशी त्याचे तुकडे घेऊन 'टी' पेशींना दाखवतात. बहुतेक वेळा हे अन्न आहे, सोडून द्या, असाच निर्णय होतो. आपण रोज इतके पदार्थ खातो आणि काही होत नाही, ते यामुळेच. या शांतपणाला सहनशीलता म्हणतात आणि ती टिकवणाऱ्या खास 'टी' पेशी असतात. काही वेळा मात्र निर्णय उलटा होतो. मग 'बी' पेशी त्या प्रोटीनविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करतात. ही प्रतिपिंडं त्वचा, श्वासनलिका आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या टप्प्यावर बाहेरून काहीच दिसत नाही.

दुसरा टप्पा, हल्ला : तोच पदार्थ पुन्हा पोटात जातो. त्याचं प्रोटीन मास्ट पेशींवर बसलेल्या आयजीईला चिकटतं आणि पेशी आतला साठा बाहेर फेकतात. त्यात हिस्टामिन असतं. त्यामुळे गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलट्या होतात, श्वासनलिका आवळतात. हे सहसा काही मिनिटांत ते दोन तासांत घडतं. प्रतिक्रिया संपूर्ण शरीरात पसरली आणि रक्तदाब कोसळला, तर त्यालाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

आधी तर खायचा, मग आता काय झालं, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आधी खाल्लं तेव्हा पहिला टप्पा शांतपणे पार पडलेला असू शकतो. कधी कधी ही ओळख घरच्यांच्या नकळतही झालेली असते.

पोटावर टोचून घेतलेली माशाची ॲलर्जी

हा बदल रक्तात असतो, हे १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात सिद्ध झालं. पिर्के यांनीही काही काळ याच शहरात प्राध्यापकी केली होती. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला शिजवलेल्या माशाची ॲलर्जी होती. त्याचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ मासे आरामात खायचे. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्तातलं सीरम स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढीच जागा फुगून लाल झाली. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या त्वचेत गेली होती.

रक्तातला हा घटक नेमका कोणता, ते कळायला आणखी ४५ वर्षं लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं, तर स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. १९६८ मध्ये त्याचं नाव आयजीई असं ठरलं. आज ॲलर्जीच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर जो 'आयजीई' दिसतो, तो हाच.

सोयाबीन, धूळ आणि बार्सिलोना

वाशिमची ओळख सोयाबीनचा जिल्हा अशी आहे. ॲलर्जी देऊ शकणारे पदार्थ पाकिटावर जाहीर करावेत, असा भारतात नियम आहे. त्या यादीत ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, सुकामेवा आणि सोयाबीन यांचा समावेश आहे. सोयाबीनच्या रिफाइन्ड तेलात प्रोटीन जवळपास नसतं, त्यामुळे सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं. सोया वडी, सोया पीठ आणि सोया दूध यांची गोष्ट वेगळी.

सोयाबीन खाण्यातूनच नाही, तर श्वासातूनही त्रास देऊ शकतं. १९८१ ते १९८७ दरम्यान स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात २६ वेळा असं घडलं, की एकाच दिवशी दम्याचे रुग्ण अचानक मोठ्या संख्येनं दवाखान्यात आले. शोध घेतल्यावर समजलं, की त्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जात होतं आणि सालाची धूळ वाऱ्यासोबत शहरात येत होती. कोठारांना फिल्टर बसवल्यावर हे प्रकार थांबले. इथेही कोडं सुटलं ते तारखा जुळवल्यामुळेच. आपल्याकडे मळणीयंत्रावर किंवा बाजार समितीत काम करताना दर हंगामात धाप लागत असेल, तर त्याला फक्त धुळीचा त्रास म्हणून सोडून देऊ नये. तोंडाला मास्क लावावा आणि तपासणी करून घ्यावी.

हातावरचा ओरखडा आणि टीबीची तपासणी

१९०७ मध्ये पिर्के यांनी आपली कल्पना एका व्यवहारी कामाला लावली. शरीर जर भेटलेल्या जंतूची आठवण ठेवत असेल, तर ती आठवण त्वचेवर तपासता येईल. त्यांनी मुलांच्या हातावर छोटा ओरखडा काढून त्यावर क्षयरोगाच्या जंतूंचा अर्क, म्हणजे ट्युबरक्युलिन, लावला. जंतूशी आधी गाठ पडलेली असेल, तर एक-दोन दिवसांत ती जागा लाल होऊन फुगायची. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कितीतरी मुलांच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरून गेला आहे, हे त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी शार्ल मॅन्टू यांनी ओरखड्याऐवजी सुई वापरली. दवाखान्यांत आज होणारी मॅन्टू टेस्ट ती हीच.

ही प्रतिक्रिया अन्नाच्या ॲलर्जीसारखी मिनिटांत येत नाही, तिला दोन-तीन दिवस लागतात. तिच्यात आयजीईची भूमिका नसते, काम थेट 'टी' पेशी करतात. याच प्रकारातलं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे तण आज धुऱ्याधुऱ्यावर आहे. अनेक वर्षं ते हातानं उपटणाऱ्या माणसाला एका हंगामात अचानक मान, चेहरा आणि हातांवर चिघळणारी खाज सुटते. गवत बदललेलं नसतं. त्या माणसाच्या त्वचेची प्रतिक्रिया बदललेली असते.

उपाशी शहराला जेवू घालणारा डॉक्टर

टीबीच्या चाचणीनं पिर्के जगभर पोहोचले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं त्यांना बालरोगशास्त्राचं प्राध्यापकपद दिलं. तिथून ते ब्रेस्लाऊला आले आणि १९११ मध्ये एशेरिश यांच्या जागी व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले.

तीन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्ध संपेपर्यंत व्हिएन्नात अन्नाची भीषण टंचाई झाली होती आणि मुलं वाळत चालली होती. पिर्के यांनी ॲलर्जीचं काम बाजूला ठेवलं आणि एकाच प्रश्नाला हात घातला. आहे तेवढ्या अन्नात जास्तीत जास्त मुलं कशी जगवायची?

इथेही त्यांनी आकड्यांचा आधार घेतला. सामान्य स्वयंपाकिणीला कॅलरीचा हिशेब अवघड जातो, म्हणून त्यांनी दुधाचं माप घेतलं. एक ग्रॅम दुधातून मिळणारी ऊर्जा म्हणजे एक 'नेम'. भाकरी, डाळ, साखर, तूप सगळं याच मापात मोजायचं. कोणत्या मुलाला आधी जेवण द्यायचं हे ठरवायला त्यांनी वजन आणि बसल्या उंचीवरून एक निर्देशांक काढला. तो ठरावीक आकड्याखाली गेला, की ते मूल आधी. ओळख, जात, वशिला यांचा त्यात प्रश्नच नव्हता.

१९१९ पासून हर्बर्ट हूवर यांच्या नेतृत्वाखालच्या अमेरिकन मदत संस्थेचं धान्य ऑस्ट्रियात येऊ लागलं. मुलांना जेवण देण्याच्या त्या मोहिमेची धुरा पिर्के यांच्याकडे होती आणि लाखो मुलांपर्यंत ती पोहोचली. आज शाळेच्या किचनशेडमध्ये पोषण आहार शिजतो, तेव्हा ग्रॅमचा जो हिशेब असतो, त्याची जातकुळी हीच. पिर्के यांची 'नेम' पद्धत मात्र इतर देशांत फारशी रुजली नाही.

टाळायचं किती आणि खायचं किती?

पिर्के यांच्या आयुष्याचे हे दोन भाग आज एकाच ताटात समोर येतात. एखाद्या मुलाला दूध खरंच घातक असू शकतं. पण संशयावरून दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी सगळंच बंद केलं, तर मूल कुपोषित होतं. म्हणून आधी नेमकं काय झालंय ते ओळखायला हवं.

'मानवत नाही' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगत असेल किंवा जुलाब होत असतील, तर बहुधा दुधातली साखर पचत नसते. त्यात प्रतिकारयंत्रणेचा हात नसतो आणि अनेकांना दही-ताक चालतं. एकाच पंगतीतल्या अनेकांना उलट्या झाल्या, तर ती विषबाधा. आणि ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर लगेच, दरवेळी, गांधी, सूज किंवा धाप येत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. त्वचेवर टोचून केलेली चाचणी किंवा रक्तातला आयजीई यावरून अंदाज येतो. पण नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे ॲलर्जी आहे असं होत नाही. खाल्ल्यावर काय झालं आणि किती वेळात झालं, हे त्याच्याशी जुळावं लागतं.

बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून शेंगदाणे, अंडी उशिरा सुरू करावीत, असं पूर्वी सांगितलं जायचं. तो सल्ला आता बदलला आहे. त्वचा कोरडी, चिघळलेली असेल तर घरातल्या अन्नाचे कण तिथून आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखू शकतं. तेच अन्न वेळेवर तोंडावाटे पोटात गेलं तर सहनशीलता तयार होते. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं निवडली होती. ज्यांची शेंगदाण्याची त्वचा चाचणी सुरुवातीला निगेटिव्ह होती, त्यांच्यापैकी शेंगदाणा टाळलेल्या मुलांमध्ये पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली. नियमित खाल्लेल्यांमध्ये हे प्रमाण १.९ टक्के होतं.

याचा अर्थ बाळाला अख्खे दाणे द्यायचे असा नाही, ते घशात अडकतात. पातळ केलेली पेस्ट द्यायची. आणि बाळाला एक्झिमा असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारायचं.

अखेर

१९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पिर्के यांचं नाव चर्चेत आलं होतं. पक्षाच्या पलीकडे लोकांना मान्य होईल असा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जात होतं. पद त्यांना मिळालं नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, २८ फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांनी आणि पत्नी मारिया यांनी आपलं जीवन संपवलं. ते ५४ वर्षांचे होते. नोबेल पारितोषिक त्यांना कधीच मिळालं नाही. रिशे यांना ॲनाफिलॅक्सिसच्या कामासाठी ते १९१३ मध्ये मिळालं होतं. बेला शिक अमेरिकेत स्थायिक झाले आणि घटसर्पाच्या 'शिक टेस्ट'मुळे ओळखले गेले.

पिर्के यांनी घडवलेला शब्द मात्र आज जवळपास प्रत्येक भाषेत आहे. मराठीत तर तो इतका मुरलाय, की परका वाटतच नाही.

हे लक्षात ठेवा

• काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास किती वेळानं सुरू झाला, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि पुरळाचा फोटो काढा. डॉक्टरांना रिपोर्टइतकाच याचा उपयोग होतो.

• गांधींसोबत धाप, आवाज बसणं, वारंवार उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ वर फोन करा. रुग्णाला उभं करू नका, झोपवून पाय थोडे उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या. अशा वेळी जीव वाचवणारं औषध ॲड्रेनॅलिन आहे, ॲलर्जीची साधी गोळी पुरेशी नसते.

• एखादा पदार्थ मुलाच्या आहारातून कायमचा काढण्याआधी खात्री करा. काढावाच लागला, तर त्याऐवजी काय द्यायचं ते विचारा. दूध आणि अंड्याची ॲलर्जी अनेक मुलांमध्ये वयानुसार कमीही होते. पण पुन्हा देऊन पाहायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

• शाळेत, अंगणवाडीत आणि पाहुण्यांच्या घरी मुलाची ॲलर्जी आधीच सांगून ठेवा.

• सर्पदंशानंतर प्रतिविष घेतलं असेल, तर तारीख आणि कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ते दाखवा.

(मन खूप खचलं असेल, टोकाचे विचार येत असतील तर जवळच्या माणसाशी बोला किंवा 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत सरकारी हेल्पलाइनवर कधीही फोन करा. हा लेख माहितीसाठी आहे. उपचारासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)